अर्धी फी माफ, पण कशाच्या अर्धी?

देवगड तालुक्यातून एका आईचं पत्र आलं आहे. त्या अंगणवाडी सेविका. यजमानांची हापूसची बाग आहे, पण सातबाऱ्यावर नावं चौघांची: यजमान, दोन दीर आणि एक नणंद. मुलीने यंदा बारावी सायन्स केलं, सीईटीला ९१ पर्सेंटाइल मिळाले. पुण्याच्या एका खासगी विद्यापीठाने तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची जागा देऊ केली आहे, तीही ‘पन्नास टक्के मेरिट स्कॉलरशिप’सकट. मूळ फी वर्षाला ४ लाख ८० हजार, ती २ लाख ४० हजारांवर येते. हॉस्टेल आणि मेसचे १ लाख ६० हजार वेगळे. महिनाअखेरीस १ लाख भरले नाहीत तर जागाही जाईल आणि स्कॉलरशिपही, असा फोन दर दोन दिवसांनी येतो. दुसरीकडे लोणेऱ्याच्या राज्य विद्यापीठात इलेक्ट्रिकल मिळेल असा अंदाज आहे. यजमान म्हणतात, “चेडवाक शिकवक व्हया, काय ता होवंदे.” त्यांचा बेत असा: २ लाख वाशीच्या दलालाकडून पुढच्या हंगामावर उचल घ्यायची आणि उरलेले १४ लाख बाग तारण ठेवून बँकेकडून काढायचे. डोंबिवलीचे दीर सही द्यायला तयार आहेत, फक्त त्याआधी वाटप करून घेऊ म्हणतात. धाकटा मुलगा नववीत आहे. उत्पन्नाचा दाखला ३ लाखांचा, प्रवर्ग ओबीसी, नॉन-क्रीमीलेअर काढलेलं आहे. “चालून आलेली लक्ष्मी परत पाठवायची का? आणि कर्ज मुलीच्याच नावावर असणार, नोकरी लागली की ती फेडेलच ना?” असं त्या विचारतात.

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मग कॅल्क्युलेटर घेऊन बसले. बँकेत काही वर्षं शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर काढली, तेव्हाची ही सवय. जून-जुलैमध्ये त्या टेबलासमोर पालक पेढे घेऊन यायचे. पाच वर्षांनी हप्ता सुरू झाला की तेच पालक दुपारी गर्दी नसताना यायचे आणि आवाज खाली घेऊन बोलायचे. तुम्ही पेढ्यांच्या आधी लिहिलंत, हे फार बरं केलंत.

आधी त्या लक्ष्मीबद्दल. तुम्ही आंबेवाले. कोणी हायवेवर गाडी थांबवून म्हणाला, “दोन हजारांची पेटी, तुमच्यासाठी हजाराला,” तर तुम्ही काय विचाराल? पेटी किती डझनाची, फळ कुठल्या साइजचं, आणि मुळात दोन हजार कोणी ठरवले? खासगी विद्यापीठाची ‘मेरिट स्कॉलरशिप’ बहुतेक वेळा अशीच असते. कुठल्या ट्रस्टकडून किंवा सरकारकडून तुमच्या मुलीसाठी पैसे येत नाहीत. छापील भाव त्यांचा आणि त्यातली सूटही त्यांचीच. त्यात गैर काही नाही, पण तिला शिष्यवृत्ती म्हटलं की आपण हात जोडतो आणि घासाघीस करायचं विसरतो. तुमच्या लेकीच्या गुणांचा मान म्हणून तिचा आनंद जरूर घ्या. हिशेब मात्र सूट किती मिळाली याचा नको, आपल्या खिशातून एकूण किती जाणार याचा करा.

ऑफर लेटरची झेरॉक्स जोडलीत ते उत्तम. त्यातली दुसऱ्या पानावरची बारीक ओळ तुम्ही वाचलीत का? सूट दुसऱ्या वर्षापासून चालू राहण्यासाठी ८.५ सीजीपीए (दहापैकी सरासरी गुणांक) हवा आणि एकही विषय राहिलेला चालणार नाही. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलगी पहिल्यांदा घर सोडून पुण्यात जाते, पहिल्या सेमिस्टरला गणितात गडबडते. हे इतकं नेहमीचं आहे की त्याला अपयशसुद्धा म्हणू नये. पण तेवढ्यावर सूट जाते. म्हणजे चार वर्षांचा खर्च सूट टिकली तर १६ लाख आणि पहिल्या वर्षानंतर गेली तर २३ लाख २० हजार. तुम्ही १६ धरून चालला आहात. मी २३ वर पण एक बोट ठेवून बसले आहे.

आता कर्ज. सरकारी बँकेचं शैक्षणिक कर्ज साधारण असं चालतं: शिक्षणाची वर्षं आणि त्यावर एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याजाचं मीटर चालूच असतं. १० टक्के दर धरू, हिशेबाला सोपा म्हणून. दरवर्षी साडेतीन लाख उचलले, तर १४ लाखांवर हप्ता सुरू होईपर्यंत सरळ व्याजाने ४ लाख ९० हजार चढतात. म्हणजे फेडायला सुरुवात १८ लाख ९० हजारांपासून. १० वर्षांत फेडायचे तर महिन्याला २५ हजार, एकूण जवळजवळ ३० लाख. मुदत १५ वर्षं केली तर हप्ता २० हजारांवर येतो, पण एकूण साडेछत्तीस लाख जातात. आणि सूट गेली, वरचे ७ लाख २० हजारही कर्जातूनच भरले, तर १० वर्षांच्या मुदतीत हप्ता ३७ हजारांच्या पुढे.

या २५ हजारांसमोर पगार ठेवू. विद्यापीठाच्या माहितीपत्रकावर ‘सर्वाधिक पॅकेज’ मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. तो एका विद्यार्थ्याचा आकडा. मोठ्या आयटी कंपन्यांत घाऊक भरती होते तिथे नवख्याचा पगार कितीतरी वर्षं वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतो आहे. हातात येतात पंचवीस-सव्वीस हजार. म्हणजे सगळा पगार हप्त्यात, आणि पुण्यातली खोली, डबा, बस? ते तुम्ही देवगडातून पाठवणार. कोकणातली घरं कित्येक पिढ्या मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालली; इथे मनीऑर्डर उलटी जाईल.

“ती फेडेलच ना” याचं उत्तर म्हणूनच सरळ ‘हो’ असं देता येत नाही. ती प्रामाणिक असेल, कष्टाळू असेल, तरी आकडे जुळत नाहीत. शिवाय कर्ज एकटीच्या नावावर नसतं. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. हप्ता चुकला की तिचा आणि तुमचा, दोघांचाही सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची पत, पडतो, आणि पुढे धाकट्याच्या शिक्षणासाठी तुम्ही बँकेत जाल तेव्हा पहिला प्रश्न तोच निघतो. (तुमच्या नणंदबाईंनी विचारलेला “उद्या सासरचे फेडणार का” हा प्रश्न मी बाजूला ठेवते आहे. मुलाच्या कर्जाला तो कोणी विचारत नाही.)

आंब्याचं उत्पन्न वर्षातून एकदा येतं, हप्ता बारा वेळा येतो. वाशीची शेवटची पट्टी हातात पडली की पुढच्या मोहोरापर्यंत घर त्यावरच चालतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. हापूस एक वर्ष भरभरून येतो आणि पुढच्या वर्षी रुसतो. मोहोरावर तुडतुडा पडला, फेब्रुवारीत अवकाळी आला, तर फवारणीचा खर्च अंगावर येतो. पगारदाराला झेपणारा हप्ता बागायतदाराला झेपेलच असं नाही, वार्षिक उत्पन्न तेवढंच असलं तरी. आणि उचलीचं म्हणाल, तर उचल घेतली की माल त्याच दलालाकडे जाणार, भाव तो सांगेल तो. पुण्याच्या फीचे २ लाख पुढच्या एप्रिलमध्ये पेटीमागे किती कमी मिळाले त्यातून मोजले जातील. ते कुठल्याही व्याजदराच्या तक्त्यात दिसणार नाहीत.

आता बागेकडे. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात, हे खरं. पण बाग म्हणजे शेतजमीन. कर्ज थकलं तर कोर्टात न जाता तारण ताब्यात घेण्याचा जो अधिकार सरफेसी कायदा बँकांना देतो, तो शेतजमिनीला लागू होत नाही. त्यामुळे शैक्षणिक कर्जाला कित्येक बँका घर, फ्लॅट किंवा मुदत ठेव मागतात, बाग घ्यायला नाखूश असतात. “बाग चालेल, मी करून देतो” असं कोणी मध्यस्थ सांगत असेल, तर तो कोणत्या बँकेचं, कोणत्या नावाचं कर्ज काढून देणार आहे हे कागदावर लिहून मागा. पीककर्ज काढून त्यातून फी भरायची, ही वाट आपल्याकडे पुष्कळ जण धरतात. ते पैसे मोहोर धरण्यासाठी असतात. ते पुण्याला गेले की फवारणीला पुन्हा उधारी.

आणि चौघांच्या नावाची जमीन. दिरांचं वाटप मागणं मला चुकीचं वाटत नाही. सही करायची तर आपला हिस्सा आधी वेगळा काढावा, असं कुणालाही वाटेल. पण वाटपाची मोजणी, आणेवारी, कोणत्या बाजूची कलमं कोणाला, विहीर कोणाच्या वाट्याला, हे महिनाअखेरच्या मुदतीत बसत नाही. घाईत झालेल्या वाटपापायी पुढच्या दोन पिढ्या तालुक्याला तारखा घालतात.

इतकं वाचून तुम्हाला वाटेल, ही बाई म्हणते आहे की मुकाट लोणेऱ्याला पाठवा. तसं नाही. मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते पत्रात जे कुठेच नाही त्याचं. तुमच्यापुढे दोन वाटा नाहीत, किमान तीन आहेत.

महाराष्ट्र सरकारने जुलै २०२४ मध्ये निर्णय काढला: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. अट अशी की प्रवेश कॅपमधून, म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही, खासगी विद्यापीठांना नाही, म्हणूनच पुण्याच्या त्या फोनवर कोणी तुम्हाला याबद्दल बोललं नाही. पण ती फक्त सरकारी कॉलेजांपुरती आहे असं जे आपल्याकडे धरून चालतात ते बरोबर नाही. कॅपमध्ये असलेल्या खासगी विनाअनुदानित कॉलेजांनाही ती लागू आहे. रत्नागिरी, कणकवली, नवी मुंबई, कोल्हापूर, इथल्या अशा कॉलेजांत कॉम्प्युटर किंवा आयटी शाखा ९१ पर्सेंटाइलला आवाक्याबाहेर नाही. गेल्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेलच्या वेबसाइटवर शाखा आणि प्रवर्गाप्रमाणे मिळतात. एक संध्याकाळ मुलीबरोबर बसून ते काढा. जी शाखा पुण्यात १६ लाखांना मिळते आहे तीच शिक्षण शुल्काशिवाय मिळू शकते. नाव तितकं चकचकीत नसेल. हॉस्टेल, मेस, विकास शुल्क हे राहीलच. पण आकडा वेगळा असेल.

तो आकडाही मांडून बघू. वसतिगृह, जेवण, लॅपटॉप, प्रवास यांसाठी वर्षाला ७५ हजार कर्जातून घ्यायचे ठरवले, उरलेलं घरातून. चार वर्षांचे ३ लाख. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला ना तारण लागतं, ना मार्जिन (खर्चातला आपल्या खिशातला वाटा). त्याच १० टक्क्यांनी हप्ता सुरू होताना ते ४ लाख ५ हजार होतील आणि सात वर्षांत फेडले तर महिन्याला पावणेसात हजारांच्या आत बसतील. पंचवीस हजार पगारातही माणूस हे फेडतो आणि सणाला घरी काही आणतो. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि संस्था व अभ्यासक्रम योजनेत बसत असतील, तर हप्ता नसलेल्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. तसं झालं तर हप्ता ५ हजारांवर येतो. कर्जाचा अर्ज करतानाच बँकेत हे विचारा. बँक आपण होऊन सांगेल या भरवशावर राहू नका. शिवाय ओबीसी विद्यार्थ्यांना वसतिगृह मिळालं नाही तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेतून निर्वाहासाठी पैसे मिळतात. तिची उत्पन्नाची मर्यादा तुमच्या दाखल्याशी जुळते का ते इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या सिंधुदुर्गातल्या कार्यालयात विचारून घ्या.

पुण्याच्या विद्यापीठाला अजून एक संधी द्यायची असेल, तर ते पीएम-विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीत आहे का ते बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत निवडक ८६० संस्था घेतल्या, तिथे प्रवेश मिळाला तर कर्जाला तारण आणि जामीन लागत नाही. यादीत असेल तर निदान बाग वाचते. पण हप्ता मोठाच राहतो, हे विसरू नका. तारण नाही म्हणजे कर्ज हलकं, असं नसतं.

लोणेऱ्याच्या इलेक्ट्रिकलबद्दल तुम्ही “तेवढंच मिळतंय” असं लिहिलंत. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ हे राज्याचं विद्यापीठ आहे, १९८९ सालचं, आणि आपल्या कोकणातलं. इलेक्ट्रिकलवाल्यांना महावितरण, महापारेषणच्या जागा असतात, गेट या इंजिनिअरांच्या राष्ट्रीय परीक्षेतून केंद्राच्या कंपन्या असतात. कॉम्प्युटरच हवं असेल तर शाखा बदलता येते का, जोडीला मायनर, म्हणजे दुय्यम विषय, म्हणून घेता येतं का, हे प्रवेशाआधी विचारा. पदवीनंतर गेटचा कॉम्प्युटरचा पेपर कुठल्याही शाखेचा इंजिनिअर देऊ शकतो, आणि गेटवर एम.टेक.ला गेलं तर महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. एकवीस-बावीसाव्या वर्षी वाट बदलणं सोपं असतं, डोक्यावर १९ लाख नसतील तर.

फोनचं काय करायचं? पुढचा फोन आला की सांगा, तीन गोष्टी ईमेलवर लिहून पाठवा: चार वर्षांची एकूण फी दरवाढीसह, सूट बंद झाली तर भरावी लागणारी रक्कम, आणि कॅपमध्ये जागा मिळून प्रवेश रद्द केला तर परत मिळणारी रक्कम. लिहून देत नसतील तर उत्तर मिळालंच. फी परताव्याची मुदत यूजीसी ठरवून देते, या वर्षीची तारीख त्यांच्या परिपत्रकात बघा. मूळ गुणपत्रिका किंवा दाखला ठेवून घेण्याचा अधिकार कुठल्याही संस्थेला नाही. झेरॉक्स द्या, मूळ कागद दाखवून परत आणा. आणि १ लाख भरायचाच झाला तर उचल घेऊन भरू नका.

कॅपचा पर्याय अर्ज भरताना क्रम विचार करून लावा. पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती पक्की धरली जाते, म्हणून खरोखर जे सगळ्यात हवं तेच पहिलं. सायबर कॅफेवाल्याला “तूच भर” म्हणू नका. तो भला असतो, पण त्याच्या टेबलावर त्या दिवशी साठ अर्ज असतात. आणि जात वैधता प्रमाणपत्राचं आजच बघा. त्यापायी ओबीसीतून मिळालेली जागा हातची गेलेली मुलं मी पाहिली आहेत.

कर्ज वाईट, असं मी कधीच म्हणणार नाही. व्हीजेटीआय, सीओईपी, आयआयटी, एनआयटी, इथे जागा मिळाली असती तर मीच म्हटलं असतं, काढा कर्ज, झोप उडवू नका. माझा स्वतःचा ठोकताळा असा आहे: शिक्षण संपताना डोक्यावर असलेलं कर्ज पहिल्या वर्षीच्या खऱ्या, सर्वसाधारण पगाराइतकं असेल तर ते पेलतं. दुप्पट असेल तर ओढाताण होते. तुमच्या बेतात ते पाचपटीवर जातं आहे.

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली. चार पानांच्या पत्रात यजमान काय म्हणतात, दीर काय म्हणतात, नणंद काय म्हणते, सगळं आहे. मुलीबद्दल एकच वाक्य आहे: “ती म्हणते, तुम्ही सांगाल तसं.” अठरा वर्षांच्या मुलीने असं म्हटलं की आपल्याला तिचं कौतुक वाटतं. मला थोडी काळजी वाटते. कदाचित तिला पुणं मनापासून हवं असेल आणि बागेचं ऐकून ती गप्प बसली असेल. कदाचित तिला तिकडे जायचंच नसेल आणि बाबांचा उत्साह मोडायचा नसेल. वरचे सगळे आकडे तिला दाखवा. हप्ता तिच्या पगारातून जाणार आहे, तर कॅल्क्युलेटर तिच्या हातात द्या.

वाटपाचा विषय निघालाच आहे तर तो गणपतीत काढा. मुंबईची मंडळी घरी असतील, भूमी अभिलेखच्या मोजणीचं काय ते समोरासमोर ठरेल. तोवर पहिल्या फेरीचा निकालही आलेला असेल. तो कळवा, आणि शक्य असेल तर या वेळी पत्र मुलीला लिहायला सांगा.